टीबी नाही, मग काय?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात कोणाचा खोकला तीन आठवडे थांबला नाही, की घरचे, शेजारचे आणि दवाखान्यातलेही एकच नाव घेतात : टीबी. त्यात चूक काही नाही. टीबी इथे आहेच, आणि त्याच्यासाठी व्यवस्थाही उभी आहे. आशाताई घरी येते, थुंकीची डबी देते, औषध फुकट मिळतं, निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत इतकी मळलेली वाट फार थोड्या आजारांच्या वाट्याला आली आहे. माझं म्हणणं ही वाट जिथे संपते त्या जागेबद्दल आहे. थुंकीत जंतू सापडत नाहीत, किंवा गोळ्या सुरू होऊन दोन महिने उलटले तरी खोकला हटत नाही आणि अंग झडतच राहतं. अशा वेळी ‘टीबी नाही, मग काय?’ हे विचारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, ते ठरलेलं नाही. फुप्फुसाचा कर्करोग नेमका इथेच महिनेच्या महिने दडून राहतो.

दोन्ही आजारांची लक्षणं सख्ख्या भावंडांसारखी आहेत. खोकला, बेडक्यात रक्त, बारीक ताप, भूक मरणं, दम लागणं. एक्स-रेवर दोन्हींचा पांढरा डाग दिसतो आणि छातीत पाणी दोन्हींत होतं. म्हणून नुसत्या एक्स-रेवर टीबीची औषधं सुरू होतात. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते आणि औषध लागू पडतंय असं घरच्यांना वाटतं. थोडा आराम पडला तर तोही औषधाच्या खात्यात जमा होतो. मग कोर्स पुरा करायचा, कधी पुन्हा सुरू करायचा. कर्करोगाला तेवढा वेळ पुरतो. देशात या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावरच तज्ज्ञापुढे येतात, त्यामागे या गमावलेल्या महिन्यांचा मोठा हात आहे. हेही खरं, की दोन्ही आजार एकाच छातीत एकत्र असू शकतात. जुन्या टीबीच्या व्रणांच्या जागी पुढे गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ‘याला टीबी होऊन गेलाय’ हे वाक्य ऐकल्यावर निर्धास्त होण्याऐवजी अधिक सावध व्हायला हवं.

हा रोग होतो कोणाला? पहिलं उत्तर बिडी, आणि ते ठामपणे द्यायला हवं. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात, आणि धूर खोल जातो. याच जिल्ह्यांतली माणसं एप्रिल-मेच्या उन्हात पहाटेपासून जंगलात शिरून ही पानं तोडतात, घरी बसून त्यांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी पानं गोळा करणाऱ्या फळीवर मोजून देतात. कित्येक घरांचा पावसाळ्याआधीचा रोख पैसा तोच असतो. हा पैसा बुडवून बिडीविरुद्ध बोलता येणार नाही. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी पर्यायी मिळकतीचा हिशेब आधी मांडावा.

पण बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांनाही हा रोग होतो आणि त्यांचा वाटा लहान नाही. त्यात बायका पुष्कळ. चुलीच्या लाकडाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे. घरात कोळसा जाळल्याने होणारा धूर मात्र तिच्या यादीत थेट ‘कर्करोगकारक’ आहे. घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणपट्ट्यात दगडी कोळशाच्या शेगड्या काही नवलाच्या नाहीत. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथल्या धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्ये हा कर्करोग विलक्षण प्रमाणात होता. कारण निघालं घरात जळणारा धुरकट कोळसा. चुलींना धुराडी बसवल्यावर पुढल्या वर्षांत रोगाचं प्रमाण जवळपास चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी घटलं, असं 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. एका धुराड्याने एवढं साधतं, हे खाणपट्ट्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत सांगितलं गेलं पाहिजे.

बाहेरच्या हवेचं काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत धरलं. 2013 मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेलाही कर्करोगकारक ठरवण्यात आलं. एखाद्या रुग्णाच्या गाठीवर बोट ठेवून ‘ही अमक्या चिमणीमुळे’ असं म्हणता येत नाही, आणि कोणी म्हणूही नये. मात्र औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, खाणी आणि त्यांतून डिझेल जाळत धावणारे ट्रक ज्या जिल्ह्यात एकवटले आहेत, तिथे ‘मी तर कधी बिडी ओढली नाही’ असं म्हणणाऱ्या रुग्णाचा खोकला हलक्यावर घेणं गुन्ह्याइतकं वाईट आहे.

शंका आली तरी निदान एका तपासणीत उरकत नाही. सीटी स्कॅन झाला की दुर्बिणीतून किंवा सीटीच्या मदतीने सुई घालून गाठीचा तुकडा काढावा लागतो. तो तुकडा मेणात बसवून ठेवतात. बोटाच्या पेराएवढी, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली ती मेणाची वडी म्हणजे ‘ब्लॉक’. नागपूरहून मुंबईला जाताना तो नातेवाइकाच्या पिशवीत, फायलीत, कधी शर्टाच्या खिशात असतो, आणि पुष्कळदा त्याचं मोल कोणी त्याला सांगितलेलं नसतं. त्याच वडीतून पुढे जनुकीय तपासणी होते. पेशींमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असेल, तर केमोऐवजी किंवा केमोसोबत रोज घरी घ्यायची गोळी चालते. भारतीय रुग्णांत, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांत, हा बदल पाश्चात्त्यांपेक्षा बराच अधिक आढळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी असा बदल असलेल्या 350 रुग्णांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या जेफिटिनिब नावाच्या अशा गोळीवर रोग साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, आणि गोळीला केमोची जोड दिल्यावर 16 महिने. मुंबईत सिद्ध झालेली ही गोष्ट गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसापर्यंत पोचायची, तर तुकडा पुरेसा मोठा हवा आणि वडी हरवता कामा नये. शिवाय जेफिटिनिबसोबत टीबीचं रिफॅम्पिसिन चालू राहिलं, तर शरीर ती गोळी भराभर निकामी करतं. आधीची औषधं कोणती, हा प्रश्न इथे जीवनमरणाचा होतो.

खरा पेच मात्र निदान झाल्यावर सुरू होतो. ‘हा टीबी नव्हे’ असं ठरलं की टीबीचे पैसे थांबतात आणि औषधासाठी मागे लागणारं माणूसही. आजार वाढला आणि आधार तुटला, असा हा उलटा न्याय. महात्मा फुले योजनेत केमो आणि किरणोपचार बसतात, रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे. संजय गांधी निराधार योजनेतही कर्करुग्ण बसतो. पण यातली एकेक गोष्ट वेगळ्या दारावर मिळते. सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपेक्षा तेलंगणातला दवाखाना जवळचा आणि बोली ओळखीची. तिकडे गेला की आपल्या योजनेची गाठ पुन्हा नव्याने घालावी लागते. आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या रुग्णाची केमोची तारीख टळते.

घरचे डॉक्टरला बाजूला घेऊन सांगतात, ‘बाबांना काही सांगू नका.’ माया समजते मला. पण माडिया बोलणाऱ्या रुग्णाला केमो कशासाठी हेही त्याच्या बोलीत कोणी सांगितलं नाही, तर तो दुसऱ्या फेरीनंतर गावी परततो आणि पुन्हा येत नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या 151 रुग्णांवरच्या अभ्यासात, निदानापासूनच वेदनाशमन आणि आधाराची सेवा जोडल्यावर रुग्णांचे दिवस सुखाचे झाले. इतकंच नव्हे, ते सरासरी पावणेतीन महिने अधिक जगले. आपण मात्र ‘आता काही उरलं नाही’ म्हणताना ही सेवा आठवतो. वेदनांवर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचे नियम 2014 च्या कायदादुरुस्तीने सैल झाले, तरी दूरच्या तालुक्यात ती गोळी सहजी मिळत नाही.

चंद्रपुरात टाटा ट्रस्ट आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं, याचा मला मनापासून आनंद आहे. कोळशाच्या पैशाला याहून रास्त वाट नाही. त्याच पैशातून आणखी दोन कामं व्हावीत. थुंकीत जंतू नसलेल्या किंवा दोन महिन्यांत न सुधारलेल्या प्रत्येक खोकल्याचा सीटी स्कॅन ठरल्या तारखेला व्हावा, आणि टीबीच्या यादीतून नाव काढण्याआधी तो माणूस पुढे कोणाच्या हाती सोपवला, हे त्याच वहीत लिहिलं जावं. दुसरं, प्रत्येक तालुक्याला एक जाणती व्यक्ती नेमावी. गोंडी-माडिया, तेलुगू, बंगाली यांपैकी तिथे चालणारी बोली तिला यावी. ब्लॉक, योजनेचं कार्ड, गाडीभाडं आणि मॉर्फिनची चिठ्ठी ही चारही कामं तिने पाहावीत. याला इमारत लागत नाही. पगार, फोन आणि एसटीचा पास लागतो.