परकायाप्रवेश आणि परवाना

टॅबलेट सुरू होत नाही. पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह उमटतं आणि तिथेच थिजतं. दुकानदार हातात घेऊन उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." पण जे यंत्र उठतच नाही, ते नवं सॉफ्टवेअर घेणार कसं? घेण्यासाठीसुद्धा आत कुणीतरी जागं लागतं.

तसं एक जण असतं. मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक चिमुकला प्रोग्राम असतो, बूट रॉम. तो पुसता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. वीज मिळाली की पहिला तो उठतो, पुढचा प्रोग्राम शोधून सूत्रं त्याच्या हवाली करतो, तो सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उठवतो आणि शेवटी आपल्या ओळखीचा पडदा उजळतो. ही साखळी वरच्याच कड्यांत तुटली, तर बूट रॉम यूएसबीच्या तारेकडे डोळे लावून बसू शकतो. १९७५ च्या आल्टेअर ८८०० संगणकाला एवढंही नशिबात नव्हतं. दर्शनी पट्टीवरचे खटके वरखाली करून पहिल्या सूचना माणसानेच एकेक करून भरायच्या, मग तो कागदी फितीवरचं पुढचं वाचणार. वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

देह तोच आणि जीव नवा, हे म्हटलं की शंकराचार्यांची आख्यायिका आठवते. वादातले प्रतिस्पर्धी मंडनमिश्र यांच्या पत्नीच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला ते अमरुक राजाच्या मृत देहात शिरले. कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. राजा एकाएकी फारच शहाणा झालेला पाहून प्रधानांना संशय आला आणि त्यांनी राज्यातली बेवारस प्रेतं जाळून टाकण्याचा हुकूम सोडला, म्हणजे या जिवाला परतायला देहच उरू नये. कोणत्या देहात कोणी राहायचं हे ठरवणारे प्रधान तेव्हाही होते.

एचपी टचपॅडची कहाणी या प्रधानांवाचून समजत नाही. १ जुलै २०११ रोजी हा टॅबलेट अमेरिकेत बाजारात आला आणि दोन महिने व्हायच्या आत, १८ ऑगस्टला, कंपनीने तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ४९९ डॉलरचा टॅबलेट ९९ डॉलरला निघाला, लोकांनी झुंबड करून उचलला. त्याची वेबओएस ही सिस्टिम बिघडली तर पुन्हा घालायला 'वेबओएस डॉक्टर' नावाचा प्रोग्राम होता. टॅबलेट संगणकाला जोडायचा, ठरावीक बटणं दाबून धरायची, काळ्या पडद्यावर यूएसबीची भली मोठी खूण उमटली की डॉक्टर कामाला लागे. बॅटरी पार उतरली असेल तर त्याआधी टॅबलेटबरोबर आलेला नळकांडीसारखा चार्जर शोधायचा, आणि त्याचं फिरकीचं टोपण घट्ट बसलंय ना, ते पाहायचं. पुष्कळशा 'मेलेल्या' टचपॅडांचं दुखणं त्या टोपणापाशीच होतं.

एचपीने या यंत्राला कडेकोट कुलूप लावलं नव्हतं. त्यामुळे त्याच वर्षी हौशी मंडळींनी त्यावर अँड्रॉइड चढवलं, आणि एकाच देहात दोन जीव आलटून पालटून नांदू लागले. मूळ वेबओएस पुन्हा घातली की मात्र पहिल्याच पायरीवर ती खात्याची चौकशी करी, सर्व्हरशी बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे. जानेवारी २०१५ मध्ये ते सर्व्हर बंद झाले. डॉक्टरने काम चोख करावं आणि रोग्याने शुद्धीवर येताच, हयात नसलेल्या माणसाची सही मागावी, असा हा प्रकार. ती पायरी ओलांडायची वाट लोकांनी शोधली, म्हणून आजही काही टचपॅड चालतात. (वेबओएस स्वतः एलजीकडे गेली. आपल्याकडच्या कितीतरी दिवाणखान्यांतले एलजीचे टीव्ही तीच चालवतात.)

आयपॅडचे प्रधान जास्त सावध. तो बंद पडला, संगणकाला जोडून सिस्टिम पुन्हा घालायला घेतली, की त्या नेमक्या आयपॅडचा चिप-क्रमांक ॲपलच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून सहीशिक्क्याची मंजुरी आली तरच काम पुढे सरकतं. मंजुरी ॲपल ठरवेल त्या आवृत्तीलाच. तुमच्याकडे जुनी फाइल जपून ठेवलेली असली तरी तिला किंमत नाही. चोरांना आळा बसतो, आत कुणी भलतंसलतं घुसवू शकत नाही, हे सगळं मान्य. तरीही पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू पुन्हा जिवंत करायला विकणाऱ्याचा होकार लागावा, आणि तो होकार देणारा सर्व्हर आपल्या हयातीत चालू राहील हे गृहीत धरावं, हे मला पटत नाही. मालकीत दुरुस्तीचा हक्क आलाच पाहिजे.

गंमत अशी की कुलूप जिथे सर्वांत भक्कम, तिथेच फट निघाली. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲक्सीओमएक्स या टोपणनावाच्या संशोधकाने 'चेकमेट' उघड केलं. ए५ ते ए११ या ॲपलच्या चिपांच्या बूट रॉममधलीच ती चूक होती. बूट रॉम कोणालाच बदलता येत नाही, म्हणजे ॲपललाही नाही. विकून झालेल्या यंत्रांत ती फट कायमची राहिली. ए१२ पासून ती नाही. म्हणजे उद्या सर्व्हर गेलेच, तर या जुन्या चिपांपैकी एक असलेल्या २०१७ च्या आयपॅड प्रोचं दार निदान किलकिलं आहे. त्याच्याहून महाग, त्याच्याहून वेगवान असा २०१८ चा आयपॅड प्रो मात्र सहीची वाट पाहत बसेल.