ज्याला पियानो येत नाही, त्याचं काय?

'द पियानिस्ट' (२००२) पाहिलेल्यांना तो प्रसंग आठवत असेलच. साल १९४४. वॉर्सा शहराचा ढिगारा झालाय. एका ओसाड घरात दाढी वाढलेला, भुकेनं खंगलेला ज्यू माणूस आणि त्याच्यासमोर जर्मन अधिकारी. काय करतोस, अधिकारी विचारतो. पियानो वाजवायचो. मग वाजव. तो वाजवतो, आणि जगतो.

सिनेमा संपल्यावर आपण सहज म्हणून जातो, 'संगीतानं त्याला वाचवलं.' मीही म्हटलं होतं. पण हे वाक्य जरा थांबून तपासायला हवं.

हा माणूस, व्लादिस्लाव श्पिलमन, खराखुरा. पोलिश रेडिओवर पियानो वाजवायचा. त्याचे वडील व्हायोलिन वाजवायचे. १९४२च्या ऑगस्टमध्ये त्याचे आई-वडील, भाऊ आणि दोन बहिणींना ट्रेब्लिंकाच्या गाडीत कोंबलं गेलं. कुणीच परतलं नाही. वडिलांना व्हायोलिननं वाचवलं नाही. श्पिलमनला त्या गर्दीतून बाहेर ओढलं ते एका ज्यू पोलिसानं. पुढे त्याला लपवलं ते जीव धोक्यात घालणाऱ्या पोलिश मित्रांनी. संगीतामुळे त्याला ओळखणारे लोक होते, हे खरं. पण ओळख असणं म्हणजे जगण्याची जास्त लायकी असणं नव्हे.

आणि तो अधिकारी, विल्म होसेनफेल्ड? त्यानं श्पिलमनला ब्रेड दिला, ओव्हरकोट दिला. पण ट्रेब्लिंकाच्या गाडीतून निसटलेल्या लिऑन वार्म या ज्यू माणसालाही त्यानं खोट्या नावानं काम देऊन वाचवलं होतं. ही गोष्ट सिनेमात नाही. तिच्यात पियानोही नाही.

'संगीतानं वाचवलं' म्हणताना आपण नकळत मान्य करतो, की जगायचं तर काहीतरी यायला हवं. घेट्टोतल्या कामाच्या दाखल्यांमागे हाच हिशोब होता: उपयोगाचा असशील, तर आजचा दिवस जग. आजही निर्वासितांची बाजू घेताना आपण म्हणतो, 'त्यांच्यात उद्याचा आइनस्टाइन असेल.' असेलही. नसला तर?

त्या थंडीत श्पिलमनची बोटं आखडली असती, सगळे सूर चुकले असते, तरी तो ब्रेड त्याला मिळायलाच हवा होता. सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा पियानोपाशी बसण्याआधीच्या त्या माणसाकडे नीट बघा. त्यानं अजून काहीच वाजवलेलं नाही.