शब्द कोणी ठरवायचा?

‘पायथन’ या संगणकभाषेच्या प्रमाण संग्रहातील शब्दशोधाचे रूढ सूत्र ‘मराठी’ या चिन्हमालेला लावले, तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. काना आणि वेलांटी यांना तेथे वर्णत्वच नाही. यंत्र चूक झाल्याचे सांगत नाही, हे अधिक गंभीर. केवळ मोकळ्या जागेवर छेद दिला तर ‘मराठी’ अखंड राहते. पण ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द की अनेक, हा प्रश्न उरतोच. (मोडीत तर शब्दांत अंतर सोडण्याचा प्रघातच नव्हता.) म्हणजे शब्द संहितेत आयता नसतो, व्याख्येने तो घडविला जातो. अशा वेचणीतून सिद्ध झालेली शब्दसूची समीक्षक पुरावा म्हणून मांडतो, तेव्हा त्या व्याख्येचे उत्तरदायित्व आज्ञावलीकाराकडे ढकलता येईल काय? येणार नाही. सूचीत एकटा ‘ठ’ दिसताच थबकण्याइतकी मराठी समीक्षकाला येत असते.