दुसऱ्याच्या मुलासाठी अर्धा तास

दान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पावतीपुस्तक उभे राहते. विहाराच्या बांधकामाला अमुक, जयंतीच्या वर्गणीला तमुक. हे सर्व आवश्यक आहे, आणि आपली गरीब माणसे पोटाला चिमटा घेऊन ते देतात याचा अभिमानच वाटावा. परंतु दहा पारमितांमध्ये दानाला पहिले स्थान आहे ते केवळ पैशामुळे नव्हे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाही दान करता आले पाहिजे. नाहीतर दान हा श्रीमंतांचा मक्ता होईल, आणि पुण्य विकत घेण्याची जी रीत आपण मागे टाकून आलो तीच नव्या नावाने घरात शिरेल.

म्हणून, धम्मबंधू आणि भगिनींनो, आज एका अगदी साध्या दानाविषयी बोलावयाचे आहे. वस्तीतल्या लहान मुलांना, आपल्या स्वतःच्याच नव्हे तर शेजाऱ्याच्याही मुलांना, आठवड्यातून एकदोनदा अर्धा तास पुस्तक वाचून दाखवणे हे दान आहे काय? असेल तर ते कोणत्या अटीवर दान ठरते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आपल्या समाजाचे पुस्तकाशी असलेले नाते पाहा. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, तशी गर्दी पुस्तकांच्या वाट्याला क्वचितच येते. ज्या माउलीला स्वतःला अक्षर लावता येत नाही तीसुद्धा परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यातून एक पुस्तक घेते. ही श्रद्धा मोठी आहे. परंतु घरी आल्यावर त्या पुस्तकाचे काय होते? बऱ्याच घरांत ते बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी फळीवर विराजमान होते. मुलाने हात लावला तर 'फाटेल, ठेव ते' असे ऐकावे लागते. ज्या पुस्तकाला मुलाचा हात लागत नाही ते पुस्तक देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखेच झाले. देव्हारा आपण बाहेर काढला. पुस्तकाचा नवा देव्हारा करून चालेल काय?

आता शाळेकडे वळू. 'प्रथम' या संस्थेतर्फे २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. तीत स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांना वाचावयास सांगतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला नाही. शिक्षक म्हणून मला या आकड्याचे नवल वाटत नाही. मला अधिक चिंता वाटते ती उरलेल्या निम्म्यांची, म्हणजे ज्यांना वाचता येते त्यांची. वर्गात गोष्टीचे पुस्तक काढले की त्यातला एखादा हुशार मुलगा विचारतो, "गुरुजी, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटले की त्याचे लक्ष उडते. त्याला वाचता येते, पण वाचन ही त्याच्या दृष्टीने हमाली आहे. परीक्षा संपली की तो ओझे उतरवून ठेवील आणि पुन्हा पुस्तकाकडे फिरकणार नाही. अक्षरओळख शाळा देईल. गोडी मात्र शाळेच्या घंटेबाहेर लागते.

ज्यांच्या घरी दोनतीन पिढ्या शिकलेल्या आहेत तेथे ही गोडी नकळत लागते. आजोबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, मावशी वाढदिवसाला पुस्तक आणते, आई निजताना गोष्ट वाचते. मूल हे पाहते आणि धरून चालते की पुस्तक ही जेवणासारखी घरातली वस्तू आहे. आपल्या घरात आई सकाळी कामाला जाते ती दिवेलागणीला परतते, बाप रात्रपाळीला असतो, आणि दोघांपैकी एकाला कदाचित वाचता येत नाही. यात त्या आईबापांचा दोष कसला? शेकडो वर्षे ज्यांना अक्षराजवळ येऊ दिले नाही त्यांच्या घरात एका पिढीत पुस्तकांचे कपाट कोठून येणार? जे एका घराला जमत नाही ते सगळ्या वस्तीने मिळून करावयाचे असते. संघ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ तरी दुसरा काय आहे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलाला वाचनाची गोडी लागते ती आधी कानातून, डोळ्यांतून मागाहून. विद्वान माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. हा शब्द उगीच पडलेला नाही. तथागतांचे उपदेश काही शतके भिक्खूंनी ऐकून आणि म्हणून जपले. ताडपत्रावर ते श्रीलंकेत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात उतरले. आपल्याकडेही वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे जाहीर वाचन होते. एकजण वाचतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या बायाही मन लावून ऐकतात. म्हणजे सामुदायिक वाचनाची रीत आपल्याला नवी नाही. फक्त त्या वेळी मुलांना 'गडबड करू नका, बाहेर खेळा' असे सांगून आपण दाराबाहेर घालवतो. तोच विहार, तीच सतरंजी, फक्त वाचणाऱ्याच्या हाती मुलांचे पुस्तक, एवढाच फरक करावयाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याच्या मुलासाठी हे का करावे? याचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतले शिक्षक आणि लेखक. भीमराव हा काही त्यांच्या नात्यातला किंवा जातीतला मुलगा नव्हता. तरीही त्यांनी त्या विद्यार्थ्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळण्यातही त्यांचे साहाय्य झाले. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत या भेटीचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. केळुसकर १९३४ साली वारले. येवल्याची घोषणा झाली १९३५ साली, आणि नागपूरची दीक्षा १९५६ साली. आपण दिलेल्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले हे त्या गुरुजींना कधीच कळले नाही. लाखो लोकांच्या आयुष्याला ज्याने कलाटणी दिली त्या प्रवासाच्या आरंभी कोणा परक्या मास्तराने दुसऱ्याच्या मुलाला दिलेले एक पुस्तक आहे. दान याला म्हणतात. फळ पाहण्याचा हट्ट जेथे संपतो तेथे दान सुरू होते.

परंतु येथेच एक कठीण गोष्ट आहे, आणि ती टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपण मुलांना वाचून दाखवतो तेव्हा मनात एक अपेक्षा असते. मुलाने आपल्यासारखा विचार करावा, आपलीच वाक्ये बोलावीत. ही अपेक्षा स्वाभाविक आहे, पण ती घेऊन वाचावयास बसणे म्हणजे दान करणे नव्हे, ते कर्जाऊ देणे होय. अर्धा तास दिला आणि व्याज म्हणून मुलाचे मन मागितले!

त्याच प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेत. ज्या ग्रंथांत खालच्या मानलेल्या लोकांना हीन लेखले आहे ते आम्ही का वाचावयाचे, असा प्रश्न मुलाने केला. वडिलांनी आपल्या परीने कारण सांगितले. मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही. आता पाहा, वडिलांनी वाचनाची सवय लावली आणि त्या सवयीतूनच वडिलांच्या मतापलीकडे जाण्याचे बळ मुलाला मिळाले. रामजींनी वाचन लावलेच नसते तर तो प्रश्नही निघाला नसता. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा उपदेश आपण सभेत अभिमानाने सांगतो. पण विहारातल्या सतरंजीवर बसलेली आठ वर्षांची मुलगी जातक कथा ऐकून म्हणाली, "सशाने स्वतःला आगीत का टाकले? मला नाही आवडले," तर आपण काय करतो? तिला गप्प बसवले तर आपण कालामांच्या नव्हे, पुरोहितांच्या बाजूला गेलो. तिला "तू असतीस तर काय केले असतेस?" असे विचारले तर धम्म त्या खोलीत आहे असे समजावे.

म्हणून माझ्या मते अट एवढीच की, वाचून दाखवा आणि मुलाच्या मनावरचा हक्क सोडा. पाठांतराची परीक्षा घेऊ नका. गोष्ट संपली की 'तात्पर्य काय?' असे विचारू नका. त्याच गोष्टीसाठी मूल दहा वेळा हट्ट करील, दहा वेळा वाचा. कारण ओळखीच्या गोष्टीतच अक्षरांची ओळख पटते. प्रत्येक पुस्तक महापुरुषांच्या चरित्राचे असावे असाही आग्रह नको. मांजराच्या, पावसाच्या, भांडकुदळ भावंडांच्या गोष्टी मुलांना हसवतात, आणि हसलेले मूल पुन्हा येते. आज जे मांजराच्या गोष्टीसाठी येते तेच उद्या आपल्या पायांनी बाबासाहेबांच्या ग्रंथांपर्यंत जाईल.

आपली शिकलेली मंडळी यावर म्हणतात, "आम्हाला वेळ कोठे आहे? आमची मुले मार्गी लागली, हेच पुष्कळ." या बांधवांना आठवण द्यावीशी वाटते ती १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी बोलून दाखवलेल्या व्यथेची. शिकून वर गेलेल्यांनी मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरवली, हे दुःख त्यांनी तेथे व्यक्त केले. नोकरी लागताच वस्ती सोडून वसाहतीत राहावयास जाणे हा गुन्हा नाही. पण आठवड्याचा अर्धा तासही मागे वळून न पाहणे, याला काय नाव द्यावे हे ज्याने त्याने ठरवावे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही मागे राहण्याचे कारण नाही. आजीने गोष्ट सांगावी, मुलांनी ती वहीत उतरवावी आणि पुढच्या आठवड्यात वाचून दाखवावी. आपल्या तोंडची गोष्ट कागदावर आलेली पाहून त्या आजीला काय वाटेल याची कल्पना करा.

असे कोठे घडले आहे काय, असे कोणी विचारील. केरळात पी. एन. पणिक्कर नावाच्या शिक्षकाने १९४५ साली ४७ गावग्रंथालये एकत्र आणून ग्रंथालय संघ उभा केला. 'वाचा आणि वाढा' एवढाच त्यांचा घोष होता. पुढे त्या चळवळीने गावोगाव ग्रंथालये नेली. आणि आपल्याकडे? २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग यांचाही समावेश होता. त्या उद्देशाला १०० वर्षे होऊन गेली. आपल्या विहारात मुलांच्या पुस्तकांची एक पेटी आहे काय, एवढाच हिशेब आपण मांडावा.

या कामाला फार साधने लागत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तके स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून अनेक भाषांतल्या गोष्टी मोफत वाचावयास मिळतात. मोबाईलवरून छापून घेतल्या तरी चालतात. वीस-पंचवीस पुस्तके, एक पत्र्याची पेटी आणि तिला कुलूप नको. पुस्तक हरवले तर हरवू द्या. जे पुस्तक मुलाने लपवून घरी नेले ते वाया गेले असे मी मानत नाही. वार आणि वेळ ठरलेली असावी, आणि दोन माणसांनी जबाबदारी घ्यावी, म्हणजे एक आजारी पडला तरी मुले परत जाणार नाहीत. मुलांना सगळ्यांत जास्त दुखावते ते बंद दार.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर सतरंजी गुंडाळू नका. दाराबाहेर खेळणाऱ्या पोरांना आत बोलवा. त्यात आपले मूल असेल, नसेलही. कोणाचे आहे ते विचारू नका. पुस्तक उघडा आणि वाचावयास लागा.

नमो बुद्धाय! जय भीम!