पुंजका कोण मोडतो?

पावसाळ्यात जलशुद्धीकरण केंद्रात गढूळ पाणी आलं की त्यात तुरटी मिसळतात. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटीने तो भार उतरतो, कण चिकटू लागतात आणि त्यांचे विरळ, भुसभुशीत पुंजके तयार होऊन तळाशी जातात. पण कणांची गाठ पडायची तर पाणी ढवळावं लागतं. ढवळण्याचा जोर वाढला की टकरी वाढतात आणि पुंजके फुटूही लागतात. मग प्रमाण ठरवायचं कसं? 1943 साली कॅम्प आणि स्टाइन यांनी त्यासाठी सरासरी वेगप्रवणतेचं, म्हणजे पाण्याचा वेग जागोजागी किती झपाट्याने बदलतो याचं, माप दिलं. पुंजके वाढवण्याच्या टाकीत ते साधारणपणे सेकंदाला 20 ते 75 ठेवतात. हे माप उपयोगाचं आहे, पण पुंजके का मोडतात हे त्यातून कळत नाही, असं माझं म्हणणं आहे.

कोल्मोगोरोव्ह यांनी 1941 मध्ये मांडलं की ढवळलेल्या पाण्यासारख्या प्रक्षुब्ध प्रवाहातली ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडून लहान भोवऱ्यांकडे उतरत जाते आणि अखेर पाण्याच्या चिकटपणामुळे तिची उष्णता होते. वेगप्रवणता 50 असेल, तर हे शेवटचे भोवरे जेमतेम 0.14 मिलिमीटरच्या पातळीवरचे असतात. पुंजका त्याहून लहान असेल तर त्याच्या दोन टोकांशी पाण्याचा वेग वेगळा पडतो आणि तो ताणला जातो. मात्र ही ऊर्जा सगळीकडे सारखी खर्च होत नाही. बराचसा प्रवाह तुलनेने शांत असतो आणि मधूनच, एखाद्या इवल्या जागी, क्षणभर ताण सरासरीच्या कित्येक पट चढतो. पुंजक्यातला कच्चा जोड तुटायला तो एक क्षण पुरतो.

यावर कोणी म्हणेल, सरासरीच्या आधारावर केंद्रं दशकानुदशकं नीट चालली आहेत. खरं आहे, पण एकाच प्रकारच्या टाकीत सरासरी आणि कमाल ताण बरोबरीने वाढतात, म्हणून तो हिशेब जमतो. पात्यांचा आकार बदलला की सरासरी तीच राहूनही पात्यांच्या टोकांपाशी ताण वेगळा होतो. दुसरा आक्षेप असा, की फुटलेले पुंजके पुन्हा जुळतीलच. तुरटीचे पुंजके मात्र फुटल्यावर बहुधा पहिल्या आकाराला पोचत नाहीत, आणि उरलेले बारीक तुकडे गाळणीवरचा भार वाढवतात. म्हणून टाकी आखताना सरासरी किती, एवढं विचारून थांबू नये. सर्वांत जास्त ताण कुठे येतो आणि तिथून किती पाणी जातं, हेही विचारायला हवं. पुंजक्यांचं भवितव्य त्या थोड्या जागाच ठरवतात.