तेच कर्म, दुसरं फळ

बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. फळाची आशा सोडा, हे पोरांना सांगायचो आणि लाल पेनाने गुणही द्यायचो. यातली गंमत डोळ्यांत भरली ती आयुमू हिरानोमुळे.

जपानच्या मुराकामीचा हा मुलगा. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला स्केटबोर्डवर उतरला आणि सहाच महिन्यांनी बीजिंगला स्नोबोर्डवर. दुसऱ्या फेरीत हाफपाइपच्या, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या घळीच्या, बर्फाळ काठावरून उडून त्याने ट्रिपल कॉर्क मारला, म्हणजे हवेत तिरक्या तीन कोलांट्या. पुढच्या उड्याही चोख. पंचांनी दिले फक्त ९१.७५. नातू टीव्हीकडे बघून ओरडला. शेवटच्या फेरीत हिरानोने जवळपास त्याच उड्या पुन्हा मारल्या. ९६. सुवर्ण!

मग फळ कर्माचं की पंचाचं? आणि पठ्ठ्या काही निष्काम नव्हता. दुसऱ्या फेरीचे गुण पटले नव्हते, तो राग शेवटी कामी आला, असं त्यानेच सांगितलं. क्रोधाने बुद्धी नासते, असं मी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून शिकवत आलो. इथे तर रागातही तसूभर तोल ढळला नाही.

एकदा एकच उत्तरपत्रिका चुकून माझ्याकडे दोनदा आली होती. आधी एकसष्ट दिले होते, नंतर अडुसष्ट.