साठ घरांचं गाव

फोनवर नकाशा उघडा, भद्रावती शोधा आणि दोन बोटांनी थोडं बाहेर या. पश्चिमेला वर्धा नदी, तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्ह्यातलं वणी. उत्तरेला वरोरा, दक्षिणेला चंद्रपूर. शहराच्या अवतीभवती कोळसा खाणींचे करडे डाग आणि एका बाजूला आयुध निर्माणी. पूर्वेला मोहर्लीपासून ताडोब्याचा गर्द हिरवा पट्टा सुरू होतो. करड्या आणि हिरव्याच्या मधे, बरंच झूम केल्यावर, बारीक अक्षरांत गावांची नावं उमटतात. कुठे साठ घरं, कुठे शंभर.

माझा प्रश्न या गावांबद्दल आहे. गावात माणसं थोडी असली, की त्या गावाच्या म्हणण्याचं वजनही थोडं होतं का?

आधी आकडे. 2011च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या 22,04,307 होती, दर चौरस किलोमीटरला 193 माणसं. 1982 साली त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा क्षेत्रफळानं चंद्रपूरपेक्षा मोठा, पण माणसं 10,72,942. घनता 74. महाराष्ट्राची सरासरी 365.

74 हा आकडा स्वतः काहीच म्हणत नाही. पण तो टेबलावर आला की दोन अगदी उलट कामांना वापरला जातो. रस्ता, दवाखाना, एसटी मागायला गेलं की उत्तर येतं, एवढ्याशा लोकांसाठी परवडत नाही. खाण किंवा धरण आणायचं ठरलं की तोच आकडा सोयीचा होतो, कारण फार लोकांना हलवावं लागणार नाही.

सरकारला हे कळत नाही असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचा नियम बघा. सपाट प्रदेशात 30,000 लोकांमागे एक केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 20,000 मागे एक. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाटीवरची वस्ती किमान 500 लोकांची हवी होती, आदिवासी भागात 250 ची चालायची. म्हणजे समान आकडा लावला तर न्याय होत नाही, हे कागदावर मान्य झालेलं आहे. मला हे छोटं वाटत नाही. कुणीतरी बसून ठरवलं की इथल्या माणसाचं चालणं जास्त आहे, तेव्हा मोजताना त्याला जरा झुकतं माप द्यावं.

पण सवलत धरूनही गणित करून पाहा. राज्याच्या सरासरी घनतेनं 30,000 लोक साधारण 82 चौरस किलोमीटरमध्ये मावतात. गडचिरोलीच्या घनतेनं 20,000 लोक 270 चौरस किलोमीटरवर पसरलेले असतात. सवलत देऊनही एका दवाखान्याच्या वाट्याला तिप्पट मुलूख. नियम माणसं मोजतो. रात्री दोनला कळा सुरू झालेल्या बाईला किलोमीटर मोजावे लागतात, आणि मधे नाला असेल तर पावसाळ्यात तेही मोजून उपयोग नसतो.

दुसऱ्या टोकाचं उत्तर अमेरिकेत सापडतं. टेक्सास राज्यात लव्हिंग नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. 2020च्या गणनेत तिथे 64 माणसं निघाली. आपल्याकडच्या एका एसटीत, काही उभी राहून, बसतील एवढी. तरी तिला स्वतःचा शेरीफ आहे, स्वतःचं कोर्ट आहे. आज माणसं कमी आहेत म्हणून तिला कुणी शेजारच्या काउंटीत ढकलत नाही. अर्थात त्याच देशात कॅलिफोर्नियाचे चार कोटी लोक आणि वायोमिंगचे सहा लाखांहून कमी लोक सिनेटवर सारखेच दोन-दोन सदस्य पाठवतात. तेव्हा जागेला वजन दिलं की सगळं सुटतं, असंही नाही.

ट्रॉली प्रॉब्लेमचे मीम तुम्ही पाहिले असतील. ब्रेक निकामी झालेली ट्रॉली, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. खटका ओढायचा का? फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी 1967 साली मांडलेल्या कोड्यातून हे सगळं सुरू झालं. वाचताना बहुतेक जण पाचांना वाचवतात, आणि त्यात मला दोष दिसत नाही. पण त्या कोड्याला काल नसतो. तो एक माणूस त्या रुळावर कसा आला, त्याच्या शेजारी आधी किती जण होते, हे कोडं विचारत नाही.

भद्रावतीत काल भरपूर आहे. जुनं नाव भांदक. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 694 चा, म्हणजे इसवी सन 772 चा, ताम्रपट इथला. विजासनची बौद्ध लेणी, जैन मंदिर, भद्रनागाचं देऊळ, सगळं एकाच गावाच्या अंगावर. हे कधी आडबाजूचं ठिकाण नव्हतं.

आणि या भागातल्या गावांची आडनावं म्हणावीत अशी शेपटं तर बघाच. सातबारावर, एसटीच्या पाटीवर ती अजून आहेत. माल म्हणजे मालगुजाराचं गाव, रै म्हणजे रयतवारीतलं. तुकूम म्हणजे जंगल साफ करून, तळं बांधून वस्ती वसवणाऱ्याला दिलेली जमीन. गोंड राजांच्या काळात इथे माणूस यावा, राहावा, पाणी अडवावा म्हणून जमीन देत होते. लोकसंख्या ही तेव्हा मिनतवारीनं आणायची गोष्ट होती. आणि शेवटचं शेपूट रीठ. उठलेलं गाव. नाव शिल्लक, शिवार शिल्लक, चिंचेची झाडं शिल्लक, माणूस नाही.

काही गावं दुष्काळानं उठली. 1896 आणि 1899 चे दोन दुष्काळ पडले आणि 1901च्या गणनेत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. त्याच सुमारास जंगल राखीव होत गेलं. मग खाणी आल्या. बरांज मोकासाच्या शिवारातला कोळसा कर्नाटकात बळ्ळारीच्या वीज केंद्रात गेला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं देशभरातले खाणपट्टे रद्द केले त्यात हाही होता, काम थांबलं, पुढे पुन्हा सुरू झालं. शेजारी चंद्रपूरचं 2,920 मेगावॅटचं वीज केंद्र. दर वेळी हिशेब नव्यानं मांडला गेला, तिकडे लाखो, इकडे काहीशे. पण इकडचे काहीशे हे आधीच्या हिशेबांतून उरलेले काहीशे असतात. खाणीजवळच्या गावात विहीर आटते, सुरुंगानं भिंतीला तडे जातात, पोरं चंद्रपूर-नागपूर गाठतात. मग पुढच्या अहवालात गावाची घरं आणखी कमी लिहिली जातात, आणि तेवढंच गाव हलवणं आणखी सोपं होतं.

वाघाचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. ताडोब्याच्या गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं उठली, तेव्हा जावंसं वाटणारेही होतेच. शाळा नाही, फोनला रेंज नाही, अंधार पडल्यावर अंगणात जायची भीती. कुटुंबामागे दहा लाख रुपये, 2021 पासून पंधरा लाख. जाणाऱ्याला अडवणारे आपण कोण? पण मला खटकतं ते हे की आधी वर्षानुवर्षं रस्ता द्यायचा नाही आणि मग रस्ता नाही म्हणून माणूस निघाला की त्याला संमती म्हणायचं. वनहक्क कायदा अशा वेळी ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण संमती मागतो. ग्रामसभा किती जणांची, हे विचारत नाही.

ग्रामसभेचं नाव निघालं की धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवतं. शंभरेक घरांचं गोंड गाव. 2009 साली त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकानं नाही म्हटलं की विषय पुढच्या बैठकीवर. वेळ जातो, वैताग येतो, आणि मोठ्या शहरात हे चालणार नाही हे उघड आहे. पण तिथे एक माणूस म्हणजे पाचशेचा एक भाग नसतो. नाही म्हणणाऱ्याला समजावून सांगावं लागतं, किंवा त्याचं समजून घ्यावं लागतं. गाव लहान असण्याचा हा एक फायदा आपल्या कुठल्याच अहवालात लिहिलेला नसतो.

2011 नंतर देशातले वाघ 2014, 2018 आणि 2022 असे तीनदा मोजले गेले. महाराष्ट्रात शेवटी 444 निघाले. कॅमेऱ्यात आलेला वाघ पट्ट्यांवरून ओळखतात. माणसांची गणना 2021 ला व्हायची होती, ती लांबली, आणि आता तिचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 आहे. या वेळी प्रगणक मोबाइल ॲपवर माहिती भरणार. कोळशाला गेलेल्या गावांचे लोक जिथे राहताहेत तिथे मोजले जातील, त्या गावांचे आकडे वाढतील. जुनं गाव महसुली दप्तरात आहे तोवर यादीतून निघत नाही. त्याचा कोड असतो, हेक्टरांत क्षेत्रफळ असतं, आणि पुढे शेरा असतो, निर्जन.